१८६० च्या सुमारास पॅरिसमध्ये बॅलेचा टुटू नेमका कसा असायचा? (एकांकिकेसाठी, जरा घाई आहे)

सुईदोरा

नमस्कार मंडळी, मदत हवीये. आमच्या ग्रुपची एकांकिका बसतेय, काळ १८६० च्या आसपासचा, जागा पॅरिस ऑपेराची विंग, आणि मुख्य पात्र तिथे नाचणारी एक तरुण मुलगी. वेशभूषा माझ्या गळ्यात आहे. ड्रेपरीवाल्याकडून जो टुटू (बॅले नर्तकीचा जाळीचा घागरा) आलाय तो कमरेतून सरळ आडवा, परातीसारखा, आत तार घातलेला. दिग्दर्शक म्हणतो हाच ठेवू, लोकांना बघताक्षणी बॅले कळतं. मला काही केल्या पटत नाहीये. गूगल केलं तर जिथे तिथे "टुटूचा जन्म १८३२" एवढं एकच वाक्य, आणि खाली फोटो आजच्या नर्तकीचा. देगा या फ्रेंच चित्रकाराची चित्रं बघितली तर त्यात घागरा गुडघ्यापर्यंत येतो आणि चक्क खाली पडलेला असतो, आडवा नाहीच. मग खरं काय? लांबी किती ठेवू, कापड कुठलं घेऊ, पांढराच का, आणि आत काय घालायच्या? (शेवटचा प्रश्न नायिकेचं काम करणाऱ्या मुलीने विचारलाय आणि तो रास्त आहे.)

विंगेतला

ड्रेपरीवाल्याला परत करा तो. तुमच्या नायिकेच्या काळात असलं काही नव्हतंच. आडवा तारेचा टुटू ही विसाव्या शतकातली गोष्ट आहे, आणि आज दिसतो तेवढा सपाट तर बराच उशिरा झाला.

१८३२ चं वाक्य खोटं नाही पण अर्धवट आहे. १२ मार्च १८३२ ला पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' हे बॅले लागलं (सिल्फ म्हणजे हवेतली परी), नाचली मारी तालिओनी, बसवलं होतं तिच्याच वडिलांनी. तिचा पोशाख म्हणजे घट्ट चोळी, मान-खांदे उघडे, पाठीला छोटे पंख आणि खाली घंटेच्या आकाराचा पांढरा पातळ घागरा, पोटरीच्या मध्यापर्यंत. याचं श्रेय यूजेन लामी या चित्रकाराला देतात, पण गंमत म्हणजे त्याच्या हातचं सिल्फच्या पोशाखाचं रेखाटन काही सापडलेलं नाही, त्यामुळे "लामीने टुटू शोधला" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे मी जरा संशयाने बघतो. शिवाय त्या काळातला बायकांचा बॉलला जायचा ड्रेस काढून बघा, खांदे तसेच उघडे, कंबर तशीच आवळलेली, घेरही तसाच घंटेचा. म्हणजे आकाशातून काही पडलं नव्हतं, चालू फॅशनच हलकी केली, थोडी आखूड केली आणि रंग काढून टाकला. पायाचं काम दिसावं म्हणून घागरा वर घेण्याचं धाडस तर शंभर वर्षं आधीच मारी कामार्गो या नर्तकीने केलं होतं.

आता पांढराच का. याचं उत्तर कपड्यात नाही, दिव्यात आहे. पॅरिस ऑपेरात १८२२ ला गॅसचे दिवे आले. तेलाच्या दिव्यांपेक्षा उजेड जास्त आणि मुख्य म्हणजे चावी फिरवून कमीजास्त करता यायचा, म्हणजे चांदणं करता येतं! नोव्हेंबर १८३१ मध्ये मायरबेअरच्या 'रोबेर ल दियाब्ल' या ऑपेरात मेलेल्या नन्स थडग्यातून उठून नाचतात असा एक प्रवेश होता, पडका मठ, मंद गॅस, सगळ्या पांढऱ्यात. त्यातली मुख्य नन पण तालिओनीच. तो प्रवेश तुफान गाजला आणि चारेक महिन्यांतच 'सिल्फीद'. अंधुक निळसर उजेडात पांढरं विरळ कापड स्वतःच उजळल्यासारखं दिसतं, कडा विरघळतात, बाई हवेतली वाटते. एकदा हे जमलं म्हटल्यावर परी, अप्सरा, भुतं, जलकन्या यांचा पूरच आला. लेखक तेओफिल गोतिए, ज्याचा पुढे 'जिझेल' (१८४१) या बॅलेची कथा लिहिण्यात हात होता, तोच नंतर कुरकुरत होता की आता रंगमंचावर पांढऱ्याशिवाय काही दिसतच नाही म्हणून.

तुमच्या १८६० साठी लांबी: पोटरी आणि गुडघा यांच्या मध्ये कुठेतरी. १८३२ पेक्षा थोडी वर, देगाच्या १८७० च्या दशकातल्या चित्रांपेक्षा थोडी खाली. आणि घेर भरपूर ठेवा, कारण तेव्हा बाहेर क्रिनोलिनचे (घागरा फुगवणाऱ्या आतल्या सांगाड्याचे) दिवस होते, रस्त्यावरच्या बायकाच एवढ्या फुगलेल्या फिरत होत्या की स्टेजवरची बाई सडपातळ राहून चालणारच नाही.

चुणीदार

कापडाचं मी सांगते, बरीच वर्षं हेच शिवतेय.

त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक टार्लटन, म्हणजे विरळ विणीचं पातळ सुती कापड, खळ देऊन कडक केलेलं. दुसरी ट्यूल, म्हणजे षटकोनी छिद्रांची जाळी. ही जाळी आधी हाताने लेससारखी विणायचे, म्हणजे फक्त राजेरजवाड्यांना परवडणारी. इंग्लंडात जॉन हीथकोटने १८०८-०९ मध्ये ती विणायचं मशीन केलं आणि भाव धाडकन खाली आला. (याच हीथकोटचा लफबरोचा कारखाना १८१६ मध्ये लडाइट लोकांनी, म्हणजे यंत्रांविरुद्ध उठलेल्या कामगारांनी फोडला, मग तो सगळा बाडबिस्तरा घेऊन डेव्हनला गेला.) स्वस्त जाळी नसती तर एकेका मुलीला इतके थर आणि मागे तशाच पंचवीस-तीस जणी उभ्या, हे कुठल्या थिएटरला झेपलं असतं सांगा.

तुम्ही बाजारात जाऊन "नेट" मागाल तर नायलॉनची देतील, "कॅनकॅन" मागाल तर घागऱ्याखालची कडक जाळी देतील, दोन्ही नको. ती प्लॅस्टिकसारखी चमकते आणि उभी राहते, खाली पडत नाही. देगाच्या चित्रातलं ते मऊ पडणं हवं असेल तर ऑर्गंडी घ्या किंवा सुती नेट मिळाली तर सोनं. मलमल नुसती घेतली तर पायात घोळते, तिला चांगली दाट खळ द्यावी लागेल, आणि ऑगस्टात स्पर्धा असेल तर हवेतल्या ओलीने दुसऱ्या अंकापर्यंत... बरं एकांकिका आहे, दुसरा अंक नाही, वाचलात.

बांधणी अशी: कमरेच्या पट्टीवर चारपाच थर, प्रत्येक थराला दाट चुण्या, आतले थर बाहेरच्यापेक्षा बोटभर आखूड म्हणजे कडेला पायरी पडते आणि घागरा हवेत धरल्यासारखा दिसतो. पट्टी सरळ कमरेवर न घेता पुढून किंचित खाली टोक काढा, त्या काळच्या चोळ्यांना पुढे टोक असायचंच. चोळी मात्र वेगळी आणि हाडं घालून घट्ट. आज टुटूला चड्डी जोडलेली असते आणि झालरी तिच्यावरच शिवतात, ती सोय नंतरची. तेव्हा घागरा सुटा, खाली अंगाच्या रंगाचे किंवा गुलाबी घट्ट मोजे कमरेपर्यंत, आणि त्यावर सुती चड्डी, मांडी झाकणारी. तुमच्या नायिकेला सांगा काही काळजी करू नको, आजच्यापेक्षा कितीतरी जास्त कपडे होते अंगावर.

बूट विसरू नका. तेव्हाच्या पॉइंट शूजना (पायाच्या बोटांच्या टोकावर नाचायच्या बुटांना) पुढे आजच्यासारखा टणक ठोकळा नव्हता. साधी साटीनची सपाता, टोकाला आणि कडेला दोऱ्याने भरपूर रफू केलेली, बाकी सगळी मेहनत घोट्याची. एखादा प्रसंग नायिका बसून स्वतःची सपाता रफू करतेय असा टाका, खरा वाटेल.

रविवारचा प्रेक्षक

विंगेतला, थोडा असहमत. आडवा टुटू विसाव्या शतकातला कसा? 'स्वान लेक' १८९५ चं ना, पेतिपा आणि इवानोव्ह या नृत्यदिग्दर्शकांनी बसवलेलं? त्यात हंस झालेल्या पोरी त्या आडव्या टुटूतच असतात, शंभर वेळा बघितलंय यूट्यूबवर.

विंगेतला

यूट्यूबवरचं 'स्वान लेक' आजचं शूट आहे हो, नाच जुना आणि कपडे नवे. पिएरिना लेन्यानीचे १८९० च्या दशकातले फोटो शोधा, हिनेच १८९५ ला पीटर्सबर्गमध्ये ओडेट-ओडिल (त्यातली नायिका आणि तिची तोतया, दोन्ही कामं) केली आणि ते प्रसिद्ध ३२ फुएते, म्हणजे एका पायावरच्या सलग गिरक्या, मारल्या. तिचा घागरा गुडघ्याच्या आसपास येतो, जाड फुगीर आहे, आणि खाली झुकलेला आहे. आजच्या डोळ्याला ती हंस कमी आणि जत्रेतली बाहुली जास्त वाटते, पण तेव्हा तेच शेवटचं टोक होतं.

मात्र तुमचा मुद्दा एका बाबतीत कामाचा आहे. घागरा वर सरकायला लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच, आणि त्याचं कारण इटालियन बायका. मिलानच्या शाळेत तयार झालेल्या मुली गिरक्या, तोल, पायाची ताकद यात इतरांच्या फार पुढे गेल्या होत्या, त्यांचे बूटही जास्त टणक. आता एवढी कसरत करायची आणि गुडघा जाळीत लपवायचा म्हणजे काय अर्थ आहे? व्हर्जिनिया झुक्की १८८५ ला रशियात गेली, तिथे सरकारी थिएटरचे लांबीबाबत कडक नियम, आणि तिने आखूड घागऱ्याचा हट्ट सोडला नाही असं सांगतात. पॅरिसच्या परी हवेत तरंगायच्या म्हणून त्यांना लांब घागरा लागला, इटालियन बायकांना हाडामासाचे पाय दाखवायचे होते म्हणून आखूड. एवढं साधं आहे ते.

म्हणून पांढरा लांब टुटू की आखूड टुटू हा नुसता फॅशनचा प्रश्न नाही, नाच कसा आहे त्यावर ते ठरतं. आजही 'जिझेल'ला लांब आणि 'स्वान लेक'ला आखूड वापरतात ते म्हणूनच. तुमची मुलगी १८६० ची आहे, ती पॅरिसच्या जुन्या वळणातली, तिला लांबच.

खडूफळा

अवांतर आहे पण धागाकर्तीला उपयोगी पडेल. तुमच्या काळाच्या अगदी दोन वर्षं आधी, जुलै १८५८ मध्ये, याच पॅरिस ऑपेरात कालिदासाचं शाकुंतल बॅले म्हणून झालं होतं! नाव 'साकुंताला', कथा त्याच गोतिएची, संगीत रेयेरचं, शकुंतलेचं काम अमालिया फेरारिस या इटालियन नर्तकीने केलं. म्हणजे आपल्याकडे किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल १८८० ला उभं राहिलं त्याच्या बावीस वर्षं आधी कण्वाच्या आश्रमात बॅलेवाल्या मुली बागडून गेल्या होत्या. तुमच्या नायिकेने त्यात मागच्या रांगेत काम केलेलं असू शकतं, एखादं वाक्य टाकायला मस्त जागा आहे.

आणि हे हवेतून आलं नव्हतं. १८३८ ला पाँडिचेरीजवळच्या एका देवळातल्या देवदासी खरोखरच पॅरिसला आणि लंडनला नाचून गेल्या होत्या. त्यातल्या अमानी नावाच्या नर्तकीवर गोतिएने भरभरून लिहिलं, आणि बार नावाच्या शिल्पकाराने तिची छोटी ब्राँझची मूर्ती केली. याच बारने तालिओनीची सिल्फच्या वेषातली मूर्ती पण केलीय. खऱ्या देवदासी इतक्या जवळून बघूनसुद्धा पुढे १८७७ ला पेतिपाने 'ला बायादेर' केलं तेव्हा देवळातली नर्तकी निकिया मेल्यावर सावल्यांच्या राज्यात पांढऱ्या टुटूतच अवतरते, मागे तशाच पांढऱ्या सावल्यांची रांग उतारावरून एकेक करत खाली येते. दृश्य अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण युरोपियन माणसाला स्वर्ग, भूत आणि भारत या तिन्हींसाठी कपाटातून एकच घागरा काढायची सवय लागली होती हेही खरं.

चुणीदार

खडूफळा, शाकुंतलाचं माहीतच नव्हतं, वाचनखूण साठवली.

कंदील

सुईदोरा, तुमची एकांकिका ऑपेराची विंग, १८६० च्या आसपास आणि तरुण नर्तकी म्हणताय, म्हणजे एमा लिव्रीची गोष्ट घेतलीय का? नसेल तर आधी ती वाचा, कारण तुमच्या घागऱ्याशी तिचा थेट संबंध आहे.

वर गॅसच्या उजेडाचं कौतुक झालंय ते सगळं बरोबर, पण तो उजेड म्हणजे उघडी ज्योत होती. स्टेजच्या पुढच्या कडेला ज्योती, विंगेत उभ्या दांड्यांवर ज्योती, आणि त्यांच्या मधून खळ दिलेल्या सुती जाळीचे थरावर थर घालून मुली धावतायत. जाळी म्हणजे अर्धी हवाच, पेटली की क्षणात. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात डिसेंबर १८४४ मध्ये क्लारा वेबस्टरच्या घागऱ्याला भर प्रयोगात दिव्याने पेट घेतला, ती तीन दिवसांनी गेली. १८६१ ला फिलाडेल्फियात तर एकीच्या पेटलेल्या कपड्यांनी कपडेपटातल्या बाकीच्या पेटल्या, त्यात गेल आडनावाच्या सख्ख्या बहिणी होत्या.

उपाय नव्हता असं नाही. फ्रान्समध्ये कार्तेरों नावाच्या माणसाने कापड तुरटी, टाकणखार वगैरेच्या पाण्यात बुडवून आग न धरणारं करायची पद्धत काढली होती आणि १८५९ मध्ये ती वापरायचा सरकारी हुकूमही निघाला. अडचण अशी की त्या पाण्यातून काढलेली जाळी कडक, जड आणि मळकट दिसायची. म्हणजे ज्या गुणासाठी तालिओनीपासून सगळा खटाटोप चालला होता, ती पांढरी तरंगणारी चमक, तीच जायची.

एमा लिव्री ही तालिओनीची शिष्या, सोळाव्या वर्षी 'सिल्फीद' करून पॅरिस जिंकलेली. म्हाताऱ्या तालिओनीने आयुष्यात एकच मोठा बॅले बसवला तो या पोरीसाठी, 'ल पापियों', १८६०, संगीत ऑफेनबाखचं. त्याची गोष्ट काय, तर फुलपाखरू झालेली मुलगी मशालीकडे ओढली जाते आणि तिचे पंख जळतात. हे कुणी नाटकात लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं फारच ठरवून केलंय. त्याच वर्षी तिने ऑपेराच्या संचालकांना लेखी कळवलं की पहिल्या प्रयोगांना मी माझ्या नेहमीच्याच घागऱ्यात नाचणार, जे काही होईल त्याची जबाबदारी माझी.

१५ नोव्हेंबर १८६२. 'ला म्यूएत द पोर्तिची' या ऑपेराची तालीम, लिव्रीला मुक्या मुलीचं काम. ती विंगेजवळ आपल्या प्रवेशाची वाट बघत होती. बसून घागरा चेपतो म्हणून उठताना तिने तो हाताने झटकून फुलवला, आणि ती झुळूक शेजारच्या गॅसच्या ज्योतीवर गेली. पेटलेल्या अवस्थेत ती स्टेजवर इकडून तिकडे धावली, धावण्याने ज्वाळा अजून वाढल्या, मग आगवाल्या शिपायाने गाठून ओल्या घोंगडीत गुंडाळली. त्या अवस्थेतही ती उरलेलं कापड लाजेने अंगाशी धरून ठेवत होती असं लिहिलेलं सापडतं, त्याने भाजणं वाढलंच. आठ महिने काढले तिने तशात. २६ जुलै १८६३ ला गेली, वय वीस. शुद्धीत असताना सुद्धा ते कार्तेरोंचे घागरे कमी धोक्याचे असले तरी आपण ते घालणार नाही, कुरूप दिसतात, असं ती म्हणाल्याचं नमूद आहे. तिच्या त्या पोशाखाच्या उरलेल्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवल्यात.

लोक या गोष्टीला "कलेसाठी बलिदान" वगैरे करतात, मला ते अजिबात मान्य नाही. वीस वर्षांच्या मुलीवर निवड सोडून मोकळं व्हायचं, आणि ज्योतींना जाळीचं झाकण बसवायचं काम मात्र कुणाचंच नाही. थिएटरच्या मालकांनी दिव्याला झाकण घालायचं की मुलीने घागरा मळकट करायचा, यात स्वस्त काय ते उघड आहे. पुढे विजेचे दिवे आले तेव्हा कुठे हा प्रश्न सुटत गेला. लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्ये पूर्ण विजेवर गेलं, पॅरिस ऑपेराही त्याच दशकात.

सुईदोरा

कंदील, हो, एमा लिव्रीच. नाव मुद्दाम घेतलं नव्हतं कारण संहिता अजून बाहेर काढायची नाही असं ठरलंय, आता काढलंच तुम्ही! पण घागरा झटकण्याची ती बारीक गोष्ट आमच्या संहितेत नाहीये, तिथे नुसतं "दिव्याला लागून पेटते" एवढंच आहे. लेखकाला आत्ताच पाठवलं. पहिल्याच प्रवेशात ती दोनतीनदा सवयीने घागरा झटकते असं दाखवलं तर शेवटी काही बोलायलाच नको.

चपटा टुटू आज परत गेला. दिग्दर्शकाला लेन्यानीचा फोटो दाखवला, तो म्हणाला "ही कोण बटाट्याचं पोतं", मग लिव्रीचा फोटो दाखवला तेव्हा गप्प झाला. चुणीदार, ऑर्गंडी घेतेय, दोन घागरे करायचा विचार आहे, एक स्वच्छ पांढरा आणि एक कार्तेरोंचा, चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केलेला, जो ती नाकारते. दोन्ही हँगरवर शेजारी शेजारी टांगलेले दिसतील.

आता शेवटचा प्रश्न. दिग्दर्शकाला विंगेत खऱ्या ज्योती हव्यात, कंदील किंवा मोठ्या पणत्या, "त्याशिवाय भीती येणार नाही" म्हणतो.

कंदील

नाही. नाही. नाही. संहिता वाचलीय ना त्याने?

चुणीदार

ऑर्गंडीला खळ दिलेली, खाली चार थर, आणि शेजारी पणती? हात जोडते, असलं काही करू नका. आणि कोणी म्हणेल सुतीऐवजी नायलॉनची जाळी घ्या, ती भडकत नाही, तर तीही ऐकू नका. ती वितळून कातडीला चिकटते, ते जास्त वाईट. मुलीचे केस मोकळे असतील तर आंबाडा घालायला लावा, तो तसाही त्या काळाचा आहे, मधोमध भांग आणि कानावरून केस खाली ओढून मागे बांधलेले.

विंगेतला

प्रकाशयोजना करणाऱ्याला भेटा, दिग्दर्शकाला बाजूला ठेवा. गॅसचा परिणाम दोन गोष्टींनी येतो: उजेड खालून आणि बाजूने आला पाहिजे, वरून नाही, आणि रंग पिवळट पाहिजे. स्टेजच्या कडेला जमिनीलगत छोटे दिवे लपवा, अंबर जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा पिवळसर पारदर्शक कागद) लावा, डिमरवर ठेवून अगदी हलके वरखाली करा. चेहऱ्यावर हनुवटीच्या खालून उजेड पडला आणि घागऱ्याची खालची कड उजळली की झालं. विंगेतली ज्योत बॅटरीवाली ठेवा, ती प्रेक्षकांना अर्धीच दिसेल अशी. आणि पेटण्याचा क्षण दाखवूच नका. तिने घागरा झटकला की ब्लॅकआउट, एक सेकंद पूर्ण शांतता, मग आतून धावणाऱ्या पावलांचा आवाज.

सुईदोरा

ब्लॅकआउटचं दिग्दर्शकाला "मला सुचलं" म्हणून सांगते, म्हणजे लगेच हो म्हणेल. अंबर जिलेटिन भाड्याने मिळतं का, की विकतच घ्यावं लागतं?

विंगेतला

लाइटवाल्याकडेच असतं, वेगळे पैसे देऊ नका.